ईस्टरच्या सकाळी मुलांसाठी हवेचा किल्ला : वेळ, जमीन, वारा आणि वीज

आपण विचारले आहे की, यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या संडेस्कूलतर्फे ईस्टरच्या दिवशी गावातल्या चाळीसएक मुलांसाठी खेळांचा कार्यक्रम ठेवायचा आहे; जत्रेत असतो तसा हवेचा किल्ला, ज्याला आपल्याकडे सगळे मिकी माऊसच म्हणतात, तो भाड्याने आणायचा आहे; जागा म्हणून जिल्हा परिषद शाळेचे पटांगण मिळण्यासारखे आहे; कार्यक्रम दुपारी चारला सुरू करावा असे पाळकसाहेबांचे मत आहे; तर काळजी कोणती घ्यावी? मी बिछायत केंद्र चालवतो आणि लग्नाच्या मंडपांबरोबर हे किल्लेही अनेक वर्षे लावत आलो आहे, त्या अनुभवावरून उत्तर देतो. पहिली सूचना अशी की चारची वेळ बदलावी. पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण त्या वेळेमुळे वाढते किंवा कमी होते.

ईस्टर हा २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी पाळला जातो, त्यामुळे तो २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च आणि २०२८ मध्ये १६ एप्रिल अशा त्याच्या तारखा आहेत. ज्या थंड मुलखांतून ही ईस्टरच्या खेळांची पद्धत आली, तिथे हे दिवस हिवाळा संपल्याचे असतात. आपल्याकडे मात्र मार्चअखेरीस पारा चाळिशीला टेकतो आणि एप्रिलच्या मध्यावर अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत तो बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो. हवेचा किल्ला पीव्हीसीचे अस्तर दिलेल्या जाड कापडाचा असतो. हे कापड उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, विशेषतः लाल, निळ्या आणि काळ्या पट्ट्यांवर, आणि मुले त्यावर अनवाणी उड्या मारतात, गुडघ्यांवर घसरतात, तोंडावर पडतात. चार वाजता ऊन उतरल्यासारखे वाटले तरी दिवसभर तापलेले कापड निवलेले नसते. हाताची मागची बाजू कापडावर पाच सेकंद टेकवून पाहावी. तेवढा वेळ ती ठेववत नसेल तर मुलांना आत सोडू नये.

उन्हावर एक वेळ पाणी मारता येईल (तसेही मारू नये, कारण ओले कापड निसरडे होते आणि शेजारी विजेचा पंखा चालू असतो), पण वाऱ्यावर काहीच उपाय चालत नाही. आपल्या भागात उन्हाळ्याच्या दुपारी मोकळ्या वावरांतून वावटळी उठतात आणि दुपारी तीन-चारनंतर आभाळ भरून येऊन वादळवारा, गडगडाट आणि कधी गारपीटही होते. अवकाळीचा बहुतेक मारा याच वेळी येतो. उभा केलेला किल्ला म्हणजे जमिनीवर बांधलेले शीडच असते. पंधरा बाय पंधरा फुटांच्या किल्ल्याचे वजन साधारण शंभर किलोच्या आसपास भरते, पण वाऱ्याला अडवणारी त्याची भिंत दहा-बारा फूट उंच असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे शंभर किलोचा भरवसा किती धरायचा ते कळते.

यासंबंधात दोन घटना आपल्या पाळकसाहेबांना जरूर सांगाव्यात. इंग्लंडमधील हार्लो या गावी २०१६ साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी, म्हणजे २६ मार्चला, मुलांच्या मेळ्यातील असा किल्ला वाऱ्याने खुंट्यांसकट उपटला गेला आणि आतली सात वर्षांची मुलगी दगावली. तो किल्ला लावणाऱ्या दोघांना पुढे न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा दिली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट येथे १६ डिसेंबर २०२१ रोजी एका शाळेच्या मैदानावर वावटळीने किल्ला उचलला आणि सहा मुलांचा जीव गेला. या दुसऱ्या प्रकरणात किल्ल्याच्या आठ जागांपैकी चारच ठिकाणी खुंट्या ठोकल्या होत्या असा आरोप होता, परंतु २०२५ साली निकाल देताना न्यायालयाने ती वावटळ आधी ओळखता येण्यासारखी नव्हती असे मानून चालकाला दोषमुक्त केले. माझ्या दृष्टीने या निकालातून आपल्याला घ्यायची गोष्ट अशी की खुंट्या सगळ्या ठोकल्या तरी वावटळीच्या वेळी किल्ला उभा ठेवणे हीच जोखीम आहे. तिथे वावटळ क्वचित येते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ती कोणत्याही पडीक शेतात दिसते, त्यामुळे ती अनपेक्षित होती असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

म्हणून कार्यक्रम सकाळी घ्यावा. आपल्या मंडळीत ईस्टरची पहाटेची उपासना असेलच. बऱ्याच गावांत त्यानंतर प्रभातफेरी निघते आणि मुख्य उपासना नऊ-साडेनऊला असते. या दोन्हींच्या मधला पावणेसात ते पावणेनऊ हा वेळ मुलांसाठी ठेवावा. मुले पहाटेपासून जागीच असतात, वारा पडलेला असतो, कापड थंड असते आणि सूर्य भिंतीच्या वर येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. संध्याकाळी साडेपाचनंतरची वेळ हा दुसरा पर्याय आहे, पण तो मी दुय्यम मानतो, कारण आभाळ भरून येण्याचीही तीच वेळ असते, आणि साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळला की उजेडासाठी वेगळी वायर ओढावी लागते. शनिवारी कार्यक्रम घेऊ नये. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, यांच्या मधल्या दिवशी उड्या आणि गाणी अनेक ज्येष्ठांना रुचत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते.

आता जमिनीविषयी. शाळेचे पटांगण मुरमाचे आहे की काळ्या मातीचे, हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो. एप्रिलमध्ये काळी माती भेगाळलेली असते. अशा जमिनीत खुंटी चार घावांत खाली जाते, ठोकणारा खूश होतो, पण ती मातीच्या एका सुट्या ढेपेत अडकलेली असते आणि ओढ बसली की ढेपेसकट वर येते. मुरमात खुंटी ठोकताना घाम निघतो, घण दहादा मारावा लागतो, पण एकदा बसलेली खुंटी हलत नाही. युरोपात या किल्ल्यांसाठी जो दंडक आहे, त्याप्रमाणे किल्ल्याला बांधण्याच्या किमान सहा जागा असाव्या लागतात, आणि ब्रिटनमधील सरकारी मार्गदर्शनात खुंटी किमान ३८० मिलिमीटर लांब व १६ मिलिमीटर जाड, गोल डोक्याची असावी असे सांगितले आहे. आपल्या भाषेत ती पंधरा इंच झाली. ही लांबी कडक जमिनीसाठी समजावी. काळ्या मातीत मी मंडपाच्या अडीच-तीन फुटी सळयाच वापरतो, त्या किल्ल्यापासून बाहेरच्या दिशेला डोके कललेले राहील अशा तिरप्या ठोकतो, आणि ठोकून झाल्यावर पहारीने उचकटून पाहतो. पहारीने एका माणसाला जी निघते ती वाऱ्यालाही निघणार, असे समजून जागा बदलावी.

पटांगणात फरशी किंवा काँक्रीट असेल तर खुंट्यांऐवजी वजन लावावे लागते, आणि इथे आपल्याकडे सर्रास फसवणूक होते. त्याच मार्गदर्शनाप्रमाणे बांधण्याच्या प्रत्येक जागेला किमान १६३ किलो वजन हवे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरली तर पेलवेल असे एक पोते पंचेचाळीस-पन्नास किलोचे होते, म्हणजे दर जागेला चार पोती आणि सहा जागांना चोवीस. पुरवठादार चार कोपऱ्यांना एकेक पोते टेकवून मोकळा होतो. तसे दिसले तर किल्ला फुगवू देऊ नये. एखाद्या बाजूला ट्रॅक्टर उभा करून त्याला दोर बांधता येतो, तेही चालते. मात्र गिअरमध्ये टाकून, ब्रेक लावून ट्रॅक्टरची किल्ली मालकाच्या नव्हे, आपल्या खिशात ठेवावी.

जागा निवडताना वरून विजेची तार जात नाही, जवळ कठडा नसलेली विहीर नाही, आणि चारही बाजूंना भिंत, कुंपण किंवा खांब सहा फुटांच्या आत नाही, एवढे पाहावे. आदल्या दिवशी संध्याकाळी झाडून बाभळीचे काटे, गिट्टी आणि काचा वेचाव्यात, मग सकाळी ताडपत्री अंथरून त्यावर किल्ला पसरावा. सावलीसाठी किल्ल्यावर मंडप टाकावा असा आग्रह हमखास होतो. तो मानू नये, कारण उड्या मारणाऱ्या मुलांच्या डोक्याशी लोखंडी पाईप येतात आणि वाऱ्यात किल्ल्याबरोबर मंडपाचीही काळजी करावी लागते. झाडाखाली लावायचा तर आधी झाड नीट पाहावे. पिंपळावर किंवा उंबरावर आग्यामोहोळ असेल आणि त्याखाली जनरेटरचा धूर गेला तर काय होईल, हे गावात कोणाला सांगायला नको.

वारा मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नसते. युरोपातील दंडकात ताशी ३८ किलोमीटर ही वरची मर्यादा आहे. त्या वेगाला पानांनी भरलेली लहान झाडे मुळापासून झुलू लागतात. एवढे होईपर्यंत थांबू नये. धूळ आणि कागद जमिनीवरून उडू लागले की मुले बाहेर काढावीत, आणि वारा वाढतच राहिला तर पंखा बंद करून किल्ला खाली पाडावा. मुलांना बाहेर काढून किल्ला मात्र फुगलेलाच ठेवला तर उपटून गेल्यावर तो कोणाच्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. आदल्या रात्री हवामान खात्याचा नागपूर केंद्राचा अंदाज पाहावा आणि फोनमध्ये विजेची सूचना देणारे दामिनी ॲप घालून ठेवावे. गडगडाट ऐकू आला की खेळ संपला, त्यावर चर्चा नको.

किल्ला फुगून राहतो तो सतत चालणाऱ्या पंख्यामुळे. शिलाईतून हवा सारखी बाहेर पडत असते, त्यामुळे पंखा थांबला की मिनिटा-दोन मिनिटांत भिंती आत झुकू लागतात. हा पंखा साधारण दीड अश्वशक्तीचा, म्हणजे अकराशे वॅटच्या घरात असतो. गावाच्या टोकाच्या सिंगल फेजवर व्होल्टेज पडले की तो गरम होतो, आवाज बदलतो आणि किल्ला मऊ पडतो; लाईन गेली तर बोलायलाच नको. म्हणून माझा सल्ला असा की लाईनवर न विसंबता सुरुवातीपासून जनरेटरवरच चालवावे. पंखा सुरू होताना काही क्षण कित्येक पट जास्त वीज ओढतो, त्यामुळे अकराशे वॅटच्या पंख्याला दीड केव्हीएचा (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप) जनरेटर पुरेल हा हिशेब चुकतो. तीन केव्हीए तरी असावा, आणि त्याच जनरेटरवर भोंगा किंवा चहाची शेगडी जोडू नये. टाकी सुरुवातीलाच पूर्ण भरावी, चालू जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नये. जनरेटर पंचवीस-तीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा. वायर अखंड, जोड नसलेली, अडीच एमएमची तांब्याची असावी. शाळेच्या बोर्डावरून घेणार असाल तर मध्ये तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. पंख्याभोवती दोर बांधून मुलांना चार-पाच फूट लांब ठेवावे, कारण ओढण्या आणि झालरी त्याच्या जाळीकडे खेचल्या जातात.

पंखा बंद पडलाच तर काय करायचे, हे खेळ सुरू होण्यापूर्वी मुलांकडून एकदा करवून घ्यावे. लांब शिट्टी वाजली की उड्या थांबवायच्या, खाली बसायचे आणि बसल्या बसल्या दाराकडे सरकायचे. दारावरच्या माणसाने दाराचा वरचा भाग हाताने उचलून धरायचा आणि लहानांना आधी काढायचे. मुलांना हा सराव खेळच वाटतो, त्यामुळे कोणी घाबरत नाही.

चाळीस मुले आणि एक किल्ला हे प्रमाण चालते, पण शिस्त ठेवली तर. पंधरा फुटी किल्ल्यात एका वेळी लहान मुले आठ, मोठी असल्यास सहा, याहून जास्त सोडू नयेत. हात-पाय मोडण्याचे प्रकार बहुतेक तेव्हा होतात, जेव्हा बारा वर्षांचा दांडगा मुलगा पाच वर्षांच्या मुलीशेजारी उडी मारतो. म्हणून तीन ते पाच, सहा ते नऊ आणि दहा ते बारा अशा तुकड्या वेगळ्या ठेवाव्यात. भिंतीपेक्षा उंच असलेल्या कोणालाही आत घेऊ नये, आणि मोबाईलवर चित्रण करण्यासाठी आत शिरणाऱ्या बापांनाही नाही. पाच मिनिटांची एक पाळी धरली तर आत-बाहेर करण्यासकट सगळ्यांची एक फेरी पाऊण तासात होते, म्हणजे आपल्या दोन तासांत प्रत्येकाला दोनदा नक्की जाता येईल. आत जाण्यापूर्वी चपला, पैंजण, काचेच्या बांगड्या, टाचण्या, चष्मा, पट्टा आणि गळ्यातली क्रुसाची साखळीसुद्धा काढून आईच्या हाती द्यावी. दारासमोर जुन्या गाद्या टाकाव्यात. पुरवठादार बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पाठवतो आणि तो पंख्याशेजारी मोबाईल पाहत बसतो, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा अनुभव आहे. तेव्हा दारावर मंडळीतील दोन जाणती माणसे आळीपाळीने उभी करावीत आणि त्या वेळेत त्यांना दुसरे कोणतेही काम सांगू नये. तरुण संघातले कोणी असेल तर उत्तम, पाहुण्यांचे स्वागत करणारे कोणी नको.

खाणे उड्यांनंतर द्यावे. आधी दिलेले पोहे आणि आलूबोंडे किल्ल्यातच बाहेर येतात आणि मग अर्धा तास साफसफाईत जातो. उड्यांच्या मध्ये घोटघोट पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे आणि शेवटी टरबूज, एवढे पुरे. चॉकलेटची अंडी या हवेत मुलांच्या हातात पोहोचेपर्यंत टिकत नाहीत, त्यांचा मोह सोडावा.

अंडी शोधण्याचा खेळ ठेवणार असाल तर लपवायची अंडी आणि खायची अंडी वेगळी असावीत. उकडलेले अंडे बत्तीस अंशांवरच्या हवेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिले तर ते मुलांना देऊ नये. शिवाय मुंग्या आणि गावची कुत्री ते मुलांच्या आधी शोधतात. लपवण्यासाठी स्त्री मंडळाकडून रंगीत कागदाच्या पुड्या करून घ्याव्यात आणि त्यांत राजगिऱ्याचा लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की घालावी. गावातली माळकरी आणि जैन घरची मुलेही मग निःसंकोच खेळतील. खरी अंडी रविवारी पहाटेच उकडावीत. उकळत्या पाण्यात कांद्याची टरफले घातली तर विटकरी रंग येतो, हळदीने पिवळा, आणि होळीसाठी वाळवून ठेवलेली पळसफुले उरली असतील तर केशरी. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातल्यास रंग नीट धरतो. पुड्या लपवताना मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे. पऱ्हाटीचे ढीग, कुटाराचा कोठा, रचलेल्या विटा, दगडांचा बांध यांत काहीही लपवू नये, आणि मुलांना तशी जागा दाखवूही नये, कारण या दिवसांत विंचू आणि साप गारव्यासाठी तिथेच असतात. खेळाची हद्द चुन्याने आखावी आणि पुड्या उघड्यावर, डोळ्यांच्या उंचीवर, झाडांच्या बेचक्यांत किंवा कुंपणाच्या तारेवर ठेवाव्यात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र रविवारी सकाळी उघडे असते का याची आदल्या आठवड्यात चौकशी करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहेच.

परवानगीसाठी मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा. भोंगा लावायचा असल्यास पोलीस ठाण्याची परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजवता येत नाही, तेव्हा पहाटेच्या उपासनेतही तो नको.

किल्ल्याची मागणी मात्र आजच नोंदवावी. ईस्टर आणि हनुमान जयंती या दोन्हींचा हिशेब पौर्णिमेवर असल्यामुळे पुष्कळदा ते एकाच आठवड्यात येतात. २०२६ मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ एप्रिलला ईस्टर असा क्रम आहे. त्यात लग्नसराई आणि १४ एप्रिलची तयारी, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचे चांगले सामान आणि चांगली माणसे आधीच बांधली जातात, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला ठिगळे लावलेला किल्ला येतो. इसार देण्यापूर्वी पुरवठादाराच्या गोदामात जाऊन किल्ला एकदा फुगवून पाहावा. शिलाया उसवलेल्या आहेत का, दोर बांधायच्या कड्या लोखंडी आणि शाबूत आहेत का, भिंती ताठ उभ्या राहतात का, हे तिथेच कळते. पावतीवर किल्ल्याचे माप, खुंट्यांची संख्या व लांबी, जनरेटरची क्षमता, सामान शनिवारी संध्याकाळी पोहोचवण्याची अट आणि वाऱ्यामुळे खेळ थांबवावा लागल्यास भाड्याचे काय, हे लिहून घ्यावे. शनिवारी आलेला किल्ला रात्रभर पटांगणात पसरून ठेवू नये; तो गुंडाळलेलाच चर्चच्या खोलीत बाकावर ठेवावा, कारण उंदीर आणि घुशी एका रात्रीत त्याला भोके पाडतात, आणि ती सकाळी फुगवल्यावरच दिसतात.